गाडीची ताकद आणि घराचा हिशोब

चारचाकी गाडी आपल्यासारख्यांच्या घरात फार उशिरा आली. आमच्या आजोबांनी बैलगाडी हाकली ती दुसऱ्याची. वडील रेल्वेत खलाशी. कल्याणच्या लोकोशेडमध्ये डिझेल इंजिने पुसण्यात त्यांचे आयुष्य गेले, पण स्वतःच्या मालकीची सायकलसुद्धा त्यांना वयाच्या चाळिशीत मिळाली. आता आमच्या वस्तीत गल्लीच्या तोंडाशी दहा-बारा गाड्या उभ्या दिसतात. बहुतेक जुन्या, बहुतेक हप्त्याच्या, आणि प्रत्येक गाडीमागे एका कुटुंबाची चार-पाच वर्षांची बचत उभी असते. म्हणूनच त्या गाड्यांबाबत आज जे नवे वेड आमच्या तरुणांत शिरले आहे, त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले.

हे वेड म्हणजे डिझेल गाडीचे ‘ट्यूनिंग’. कंपनीने दिलेल्या गाडीला बाहेरून निराळे भाग बसवून, किंवा तिच्या संगणकातील आज्ञा बदलून, तिची ताकद वाढवायची. हा प्रकार श्रीमंतांच्या हौशीचा असता तर आम्हाला त्याचे सोयरसुतक नव्हते. पण तो आमच्याच घरात शिरला. तेव्हा ज्याचा हिशोब आम्ही पैशापैशाने लिहून ठेवला आहे, तो वाचकांपुढे मांडतो.

आमचे धाकटे बंधू रिक्षा चालवतात. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, आय. टी. आय. मधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून एका गॅरेजमध्ये कामाला आहे. पोरगा हुशार आणि हाताचा सफाईदार. २०२२ साली दोन्ही घरांनी मिळून २०१४ ची जुनी मारुती स्विफ्ट डिझायर, डिझेलवर चालणारी, घेतली. गाडी बंधूंच्या नावावर, कर्ज पतपेढीचे, आणि जामीनदार आम्ही. हप्ता महिना ७,२०० रुपये, चार वर्षांचा. गावी जायचे, दवाखान्यात न्यायचे, लग्नकार्याला जायचे, एवढ्यासाठी गाडी. आमच्या मातोश्रींचे गुडघे गेलेले. एस. टी. ची पायरी त्यांना चढवत नाही, हे खरे कारण.

या गाडीतल्या इंजिनाची थोडी माहिती देणे भाग आहे, कारण सारी गोष्ट तिथूनच सुरू होते. हे १२४८ सी. सी. चे इंजिन मूळ फियाट कंपनीचे. २००३ मध्ये ते युरोपात आले आणि २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये आपल्याकडे दिसू लागले. पुढे टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये तेच, फियाटच्या पुंटोमध्ये तेच. इतक्या गाड्यांत ते बसले की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाचे प्रदूषण नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. पण जुन्या बाजारात या गाड्या आजही मुबलक आहेत आणि त्या आपल्या खिशाला परवडतात.

आमच्या गाडीत हे इंजिन ७५ अश्वशक्तीचे आहे. तेच इंजिन मारुतीच्या अर्टिगा आणि सियाझमध्ये ९० अश्वशक्तीचे होते. पुतण्याच्या डोक्यात किडा शिरला तो इथूनच.

एके रात्री जेवताना तो म्हणाला, “काका, ह्या इंजिनात ताकद दडवून ठेवलीय. कंपनीनं कुलूप घातलंय. आपण नुसती चावी फिरवायची.”

आमच्या मंडळी पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “कुलूप घालणाऱ्यानं ते कशासाठी घातलं, एवढं विचारलंस का रे?”

पोरगा हसला. पण त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हा सर्वांनाच पुढे सहा महिने लागले.

बी. कॉम. झालेल्या माणसाला इंजिनातले काय कळणार, असे वाचक म्हणतील. आम्हाला कळले ते पुतण्याकडूनच. त्याला आम्ही एका रविवारी समाजमंदिरात फळ्यापुढे उभे केले आणि वस्तीतल्या मुलांना गोळा केले. त्याने समजावून सांगितले ते असे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलची फवारणी झाली की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने हे इंजिन १८९० च्या दशकात आउग्सबुर्ग येथे उभे केले. आजच्या गाड्यांत ही फवारणी ‘कॉमन रेल’ नावाच्या पद्धतीने होते. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीत ती प्रथम मोटारीसाठी बाजारात आली. एका जाड नळीत डिझेल प्रचंड दाबाने साठवायचे आणि संगणकाच्या आज्ञेने चारही सिलिंडरना मोजून मापून द्यायचे. दाब किती? आपल्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार. या नळीत डिझेल असते चौदाशे ते सोळाशे बार.

त्याला जोड टर्बोची. जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे पंख्याचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. ती हवा तापलेली असते, म्हणून पुढे ‘इंटरकूलर’मध्ये तिला थंड करतात. जितकी हवा जास्त, तितके डिझेल जास्त जाळता येते. जितके डिझेल जास्त, तितकी ताकद जास्त. मात्र एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात धूर होऊ नये म्हणून त्याहूनही बरीच जास्त द्यावी लागते. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते. त्याचाच काळा धूर होतो.

आता ट्यूनिंगच्या नावाखाली बाजारात काय काय विकले जाते, ते पाहू. कारण नाव एक, पण माल निरनिराळा.

पहिला प्रकार पॅडलला जोडायच्या डबीचा. ही बसवली की ॲक्सिलरेटर थोडा दाबला तरी संगणकाला तो जास्त दाबल्यासारखा वाटतो. गाडी चपळ झाली असे चालवणाऱ्याला वाटते, पण इंजिनाची ताकद एका अश्वानेही वाढत नाही. पाय जरा जास्त दाबला की तेच काम फुकटात होते.

दुसरा प्रकार ‘ट्यूनिंग बॉक्स’. कॉमन रेलमधला दाब मोजणारा जो सेन्सर असतो, त्याच्या आणि संगणकाच्या मध्ये ही डबी बसते आणि खोटे बोलते. दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असे ती संगणकाला सांगते. संगणक बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल जाते, ताकद वाढते. पण ज्याच्या भरवशावर इंजिनाची राखण चालते, त्या संगणकालाच आपण फसवलेले असते.

तिसरा प्रकार ‘रीमॅप’. संगणकाच्या आत आज्ञांची जी कोष्टके असतात, किती फेऱ्यांना किती डिझेल, टर्बोचा दाब किती, धूर किती होऊ द्यायचा, गिअरबॉक्सला किती जोर झेपेल, ती कोष्टकेच लॅपटॉप जोडून बदलायची. तिन्हींत हाच प्रकार सर्वांत खरा आणि जाणकाराच्या हातून झाला तर सर्वांत चांगला. टर्बो डिझेलची ताकद याने पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकते, यात खोटे काही नाही. मात्र जाणकार ट्यूनर आधी गाडी ‘डायनो’वर चढवतो, म्हणजे चाके रोलरवर फिरवून ताकद मोजतो, गाडीतले दोष काढतो, मग त्याच गाडीसाठी कोष्टके लिहितो आणि पुन्हा मोजतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी होते ते निराळे. कुठूनतरी आणलेली तयार फाइल कोणत्याही गाडीत भरून दोन तासांत पैसे मोजून घेतात.

याशिवाय तेल लावलेल्या सुती जाळीचे एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, मोठा इंटरकूलर, आणि धूर परत इंजिनात फिरवणारी ‘ई. जी. आर.’ बंद करून देण्याची सेवा. या शेवटच्या गोष्टीविषयी पुढे बोलू.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुतण्याने ओव्हरटाइमच्या पैशांतून गाडी रीमॅप करून आणली आणि मग सांगितले. १८,००० रुपये रीमॅपचे आणि ४,५०० एअर फिल्टरचे. बंधू फार संतापले. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की पोराने स्वतःचे पैसे घातलेत, त्याला शिव्या देऊन फाइल परत येणार नाही. आम्ही एक वही आणली, तिच्यावर गाडीचा नंबर घातला, आणि पुतण्याला सांगितले, “बाळा, यापुढं गाडीत टाकलेल्या प्रत्येक लिटरचा आणि प्रत्येक रुपयाचा हिशोब इथं लिहायचा. फायदा झाला तर वहीच सांगेल. तोटा झाला तरी वहीच सांगेल.” त्याला ते पटले.

गाडी बदलली होती, हे आम्ही मान्य करतो. या इंजिनाची खोड अशी की दोन हजार फेऱ्यांच्या खाली ते झोपलेले असते आणि मग एकदम दचकून धावते. रीमॅपनंतर ते लवकर जागे होऊ लागले. मुरबाड रस्त्याला ट्रक ओलांडताना पाठ सीटला टेकायची. आम्हालाही मौज वाटली. कष्टकरी माणसाने मौज करूच नये असे आमचे मत नाही.

पण वही काय म्हणत होती? ट्यूनरने सांगितले होते, ताकदही वाढेल आणि ॲव्हरेजही वाढेल. टाकी फुल करून मोजले, तर पूर्वी लिटरला १९ किलोमीटर मिळत होते, आता १८ च्या आसपास मिळू लागले. सावकाश चालवली तर साडेएकोणीसही मिळे, पण वाढलेली ताकद पायाशी असताना सावकाश चालवतो कोण? आणि समजा, लिटरला पुरा एक किलोमीटर वाढला असता, तरी काय? महिन्याला हजार किलोमीटर गाडी धावते असे धरा. १९ च्या ॲव्हरेजला सुमारे ५२.६ लिटर लागतात, २० ला ५० लिटर. बचत २.६ लिटरची. लिटरला ९० रुपये धरून महिना सुमारे २३७ रुपये. तर १८,००० रुपये फिटायला ७६ महिने, म्हणजे सव्वासहा वर्षे. तोवर आमची गाडी सोळा वर्षांची झाली असती. ॲव्हरेज वाढेल म्हणून ट्यूनिंग करा, असे जो सांगेल, त्याला हा हिशोब दाखवावा.

दुसरी नोंद धुराची. पी. यू. सी. ला गेलो तेव्हा धुराचा आकडा आदल्या खेपेला ०.९ होता, तो आता १.५ आला. या वर्गाच्या गाडीला मर्यादा १.६२ ची. म्हणजे गाडी पास, पण काठावर. पुतण्याने आम्हाला तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही चाचणी गाडी उभी असताना, ओझ्याशिवाय, नुसती रेस करून घेतात. घाटात पाच माणसे घेऊन चढताना ती किती धूर सोडते, हे त्या आकड्यात येतच नाही.

त्या सुमारास आमची मुलगी बारावीला होती. तिने एके दिवशी पुतण्याला विचारले, “दादा, फोक्सवॅगननं २०१५ मध्ये काय केलं होतं माहीत आहे ना?” त्याला माहीत होते. त्या कंपनीने डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी आज्ञा लिहिली होती की चाचणी चालू असताना गाडी स्वच्छ चालेल आणि रस्त्यावर आली की धूर ओकेल. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ती उघडी पडली. मुलगी म्हणाली, “कंपनीनं केलं तर गुन्हा, आणि आपण केलं तर हौस?” दादाकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी ई. जी. आर. बंद करून घेण्याचा त्याचा बेत त्याने सोडून दिला.

ई. जी. आर. म्हणजे काय, तर इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग परत आत फिरवून ज्वलनाचे तापमान खाली ठेवणारी व्यवस्था. त्यामुळे नायट्रोजनची विषारी संयुगे कमी बनतात. ती काजळीने तुंबते, म्हणून मेकॅनिक ती बंद करायला सांगतात. भारत स्टेज सहाच्या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही असतो, तो आतून फोडून रिकामा करून देणारेही आहेत. बंधू-भगिनींनो, हा धूर जातो कोठे? तो बंगल्याच्या बागेत जात नाही. तो जातो आपल्याच गल्लीत, जिथे सकाळी गाडी सुरू करून ठेवतात आणि चार पावलांवर कुणाची तरी आई पाणी भरत असते, मुले शाळेच्या रिक्षाची वाट पाहत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून पहिल्या वर्गात घातले, आणि त्यासाठी जे पुरावे पाहिले त्यांत जमिनीखालच्या खाणीतील कामगारांवरचा अभ्यास महत्त्वाचा होता. आमचे वडील शेडमधून घरी येत तेव्हा कपड्यांना डिझेलचा वास असे आणि शेवटच्या वर्षांत त्यांचा खोकला रात्रभर ऐकू येई. तो कशाने होता, हे कुणा डॉक्टरने आम्हाला सांगितले नाही. पण धूर आपण होऊन गल्लीत वाढवावा, हे आमच्या मनाला पटत नाही.

तिसरी नोंद वहीत जुलै महिन्यात पडली. गावी लग्न होते. आमचे गाव माळशेजच्या पलीकडे, आळेफाट्याच्या बाजूला. गाडीत पाच माणसे, मातोश्री पुढच्या सीटवर, मागे भांडी आणि तांदळाची पोती. पावसाची झड लागलेली. टोकावडे मागे पडले, घाट सुरू झाला, आणि मध्येच इंजिनाचा आवाज चढला पण गाडी मात्र चढेना. काटा तीन हजारांवर आणि वेग वीसच्या खाली. मग जळका वास आला. क्लच घसरू लागला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला धुके आणि दरी, मागे ट्रक भोंगा वाजवतोय.

पुतण्याने डोके शांत ठेवले. जागा बघून गाडी कडेला घेतली, क्लच थंड होऊ दिला. मग टर्बो जागा होणार नाही इतक्या हलक्या पायाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्याने गाडी वर नेली. जोर कमी मागितला तर घसरता क्लचही धरून राहतो, हे त्याला ठाऊक होते. मातोश्री सगळा वेळ गप्प होत्या. वर पोहोचल्यावर एवढेच म्हणाल्या, “पोरा, म्हातारीला घाई नव्हती रे.”

क्लच का गेला, याचे कारण सरळ आहे. कंपनीने क्लच दिला तो १९० न्यूटन मीटर जोरासाठी. आमची गाडी लाखभर किलोमीटर धावलेली, क्लच निम्मा झिजलेला. फाइलने जोर वाढवला, पण क्लच, गिअरबॉक्स, टर्बोचे बेअरिंग आणि ब्रेक यांना ती बातमी कुणी दिली नव्हती. आणि त्या ९० अश्वशक्तीच्या इंजिनाचे कोडेही इथेच सुटते. त्याचा टर्बोच वेगळ्या जातीचा आहे, पाती कमी-जास्त उघडणारा. नुसत्या फाइलने आमचा टर्बो तसा होत नाही. आमच्या मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर असे घाटात मिळाले. कंपनीचे कुलूप म्हणजे वाईट डिझेल, उन्हाळा, जादा ओझे, तुंबलेला फिल्टर, झिजलेले भाग, या सर्वांसाठी राखून ठेवलेली शिल्लक असते. आपल्या भाषेत सांगायचे तर अडीअडचणीला ठेवलेली गंगाजळी. ती मोडून चैन करता येते, पण मग अडचण आल्यावर हात रिकामा असतो.

वहीची बेरीज केली. रीमॅप १८,०००, फिल्टर ४,५००, क्लचचा पूर्ण संच मजुरीसह ९,४००. एकूण ३१,९०० रुपये, पाच महिन्यांत. म्हणजे पतपेढीचे जवळजवळ साडेचार हप्ते.

त्यातच विमा एजंटाकडून कळले, की गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो आणि न कळवल्यास अपघातानंतरचा दावा अडू शकतो. कायदा तर त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी तो. आमच्या बाबतीत रिक्षा चालवणारे बंधू, ज्यांनी लॅपटॉप कधी हातात धरला नाही.

पुढचे पाऊल पुतण्याने स्वतः उचलले. ट्यूनरने मूळ फाइल जपून ठेवली होती, ती १,५०० रुपये देऊन परत भरून घेतली. मग एका सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी मुळापासून तपासली. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर सापडली. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटत होती. आत आलेली हवा मोजणारा सेन्सर त्या चिरेच्या आधी बसलेला, म्हणून संगणक समजत होता की हवा भरपूर आहे आणि डिझेल त्या मापाने देत होता. गाडी मरगळली होती ती त्यामुळे, आणि फाइलने डिझेल आणखी वाढवल्यावर धूर झाला तोही त्यामुळे. नवी नळी २,२०० रुपये, कागदाचा साधा एअर फिल्टर ४००, डिझेल फिल्टर ९००. ई. जी. आर. त्याने काढून काजळी साफ केली आणि जशीच्या तशी बसवली. टायरमध्ये हवा कमी होती ती भरली. मूळ फाइल धरून सारा खर्च ५,००० रुपये.

त्यानंतर गाडी माळशेज चढली, तीच पाच माणसे घेऊन. रीमॅपसारखी उसळत नाही, पण कुठे अडतही नाही. ॲव्हरेज पुन्हा १९ च्या वर आले. पी. यू. सी. चा आकडा ०.७ आला.

यावरून आमचे म्हणणे असे नाही की पोरांनी इंजिनाला हात लावू नये. उलट लावावा. आमच्या पुतण्याला त्या सहा महिन्यांत जे कळले, ते पुस्तकात सहज सापडत नाही. कोष्टके लिहिण्याचे हे काम गाड्यांच्या कंपन्यांत पगारी इंजिनिअर वर्षानुवर्षे करत असतात. पुण्यात ए. आर. ए. आय. ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था गाड्यांच्या चाचण्या घेऊन त्यांना प्रमाणपत्र देते. तिथे लागणारी विद्याही हीच. ज्या मुलाला दुसऱ्याची फाइल आपल्या गाडीत भरावीशी वाटते, त्याने ती फाइल वाचायला का शिकू नये? पुतण्याने आता हप्त्यावर स्कॅनर घेतला आहे. गाडीचा सेन्सर काय सांगतो ते त्यावर दिसते. गॅरेजात त्याचा पगार वाढला. गल्लीतल्या गाड्या तो रविवारी तपासतो आणि नळीची चीर आधी शोधतो.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी डिझेल गाडी आहे आणि पोरगा ट्यूनिंगचा हट्ट धरून बसला आहे, त्यांनी त्याला दटावू नये. त्याच्यापुढे चार प्रश्न ठेवावेत. गाडीतल्या हवेच्या नळ्या, फिल्टर, इंजेक्टर आणि क्लच तपासून झाले का? ट्यूनर काम करण्याआधी आणि नंतर ताकद व धूर मोजून लेखी देतो का, आणि मूळ फाइल परत देतो का? विमा कंपनीला आणि आर. टी. ओ. ला हे चालते का? आणि जी रक्कम त्यात जाणार, तेवढ्यात घराचे किती हप्ते फिटतात?

पहिल्या प्रश्नालाच निम्म्या गाड्यांचा आजार सापडेल, असे पुतण्या म्हणतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरातल्या सर्वांनी एकत्र बसून काढावे, आणि त्या बैठकीत पोळ्या लाटणारीलाही बसवावे.